मास्तरचा फाटा

मला कुत्री आवडत नाहीत. नावडतही नाहीत. मी मोटार चालवायला शिकवते, आणि माणसं शिकवताना जीव इतका मेटाकुटीला येतो की त्यावर आणखी एखादा प्राणी पाळायची हौस मला कधी झाली नाही. त्यामुळे भावजयीने विचारलं, "ताई, मला आणि या दोघांना नव्या गावी सोडाल का?" तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी हो म्हणून बसले.

भावजय म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. म्हणजे होती. गेल्या महिन्यात दोघांनी सह्या केल्या आणि कागदावर ती माझी कोणी उरली नाही. पण कागदाला विचारून मी तिला भावजय केलं नव्हतं, तेव्हा तो शब्द काही मी बदलला नाही. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तिला दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका गावात नवी नोकरी लागली होती, सामान ट्रकने पुढे गेलं होतं आणि मागे उरली होती ती आणि दोन कुत्री.

त्यातला मोठा मास्तर. पिवळट, अंगाने थोराड, तोंडावरचे केस पांढरे झालेले, आणि समोरच्याचा गृहपाठ राहिला असावा असं बघणारा. तो माझ्या भावाचा, लग्नाच्याही आधीपासूनचा. दुसरी गडबड. काळी, बुटकी, एक कान उभा आणि एक आडवा. ती भावजयीला हॉस्पिटलच्या वाहनतळावर सापडली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं घरात सगळे म्हणायचे, पण मास्तर तिला आपल्या ताटलीत तोंड घालू द्यायचा, म्हणजे त्याची तक्रार नसावी.

वाटणी सोपी होती. ज्याचं त्याला. माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, वर्षभरापूर्वी तो वेगळ्या गावी राहायला गेला, आणि ते गाव आमच्या वाटेवरच पडत होतं. मोठ्या रस्त्यावरून एक फाटा आत जातो. तिथे वळायचं, मास्तरला भावाकडे उतरवायचं आणि गडबडला घेऊन पुढे जायचं, असं ठरलं होतं. मी तसा शब्द भावाला दिला होता. भावजय म्हणाली, "बरोबरच आहे. त्याचाच आहे तो. बरोबरच आहे." भावाला ऐकून बरं वाटलं. मला वाटलं नाही. माझा विद्यार्थी "कळलं, कळलं" असं दोनदा म्हणाला की मी ब्रेकवर पाय ठेवते.

हा ब्रेक खरोखरचा आहे. आमच्या मोटार-शाळेच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो. आम्ही निघालो त्याच गाडीतून, कारण दुसरी माझ्याकडे नाही. टपावर शाळेचा फलक, मागच्या काचेवर ठळक अक्षरांत 'शिकाऊ चालक', आणि त्या अक्षरांच्या वर मास्तरचं गंभीर तोंड. मागून येणारी प्रत्येक गाडी आधी हॉर्न वाजवायची आणि मग पुढे जाताना हसायची.

गाव संपलं, रस्ता रिकामा झाला, तशी मी गाडी बाजूला घेतली आणि भावजयीला म्हटलं, "ये इकडे. बस."

"मी? अहो, मला येत नाही."

"ते मला दिसतंय. नवं हॉस्पिटल गावाबाहेर आहे म्हणालीस. रोज काय कुत्र्यांच्या पाठीवर बसून जाणार?"

ती स्टेअरिंगवर बसली. चेहरा असा की हिचाच एक्स-रे काढायला आणलाय. मी रोज सांगते ते सांगायला लागले. "पहिला टाक. आता क्लच सोड. हळूच. सोड, सोड… सोड म्हणते ना!" मागे टप् असा आवाज झाला. मास्तरच्या तोंडात त्याचा मोज्यांचा चेंडू होता, तो त्याने खाली टाकला होता आणि माझ्याकडे बघत होता. भावजयीने क्लच मात्र सोडला नव्हता.

"त्याला 'सोड' कळतं," ती म्हणाली.

"एका विद्यार्थ्याला तरी कळलं," मी म्हटलं.

दुपारपर्यंत तिने बरी प्रगती केली. घाबरट माणसं लवकर शिकतात, असा माझा अनुभव आहे. ज्यांना आधीपासून सगळं येतं त्यांचंच काही खरं नसतं. ती बोलत नव्हती, आरशात बघायला सांगितलं की आरशात बघायची, आणि आरशात मास्तर दिसला की जरा जास्तच वेळ बघायची. मी म्हटलं, "मागून येणारी गाडी बघायची. मागे बसलेलं कुत्रं नाही." ती म्हणाली, "हो वन्सं." वन्सं म्हणाली म्हणजे राग आलाय, हे मला ठाऊक आहे.

मुक्कामाच्या ठिकाणी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. कुत्री चालतील अशी एकच जागा मिळाली होती: रस्त्यालगत रांगेने खोल्या, पुढे खडी टाकलेलं अंगण. कुत्र्यांना उतरवलं, पाणी पाजलं आणि मी ठरवलं की हिला गाडी मागे घ्यायला शिकवावी. मी मागे जाऊन भिंतीशी उभी राहिले. अशा वेळी जगातला कुठलाही माणूस जे ओरडतो तेच मी ओरडायला लागले. "येऊ दे! ये, ये, ये… येऊ दे!"

भावजय आली. मास्तरही आला. माझ्या पाठीमागून कधी आला ते कळलंच नाही. बोलावलंय तर जावं, अशा सभ्यपणाने तो माझ्या आणि गाडीच्या मधे येऊन उभा राहिला. मला तो दिसला तेव्हा मी जिवाच्या आकांताने ओरडले, "बस! बस! बस!"

तो बसला. मागच्या चाकासमोर, पाठ ताठ करून.

भावजयीने ब्रेक दाबला, गचका बसला, गाडी बंद पडली. मधे वीतभर जागा होती. ती खाली उतरली, तिने मास्तरला बघितलं आणि खडीतच बसली. आता तीही बसलेली, तोही बसलेला, आणि मी भिंतीला टेकून उभी. मास्तरने माझ्या शब्दाला थोडा वेळ मान दिला, मग आपल्या मनाने उठला आणि चाक हुंगायला गेला. गडबड आमच्याभोवती गोल गोल धावत होती. तिला कुठलाच शब्द कळत नाही, म्हणून ती सुखी आहे.

"तुमचा भाऊ याच्याशी जेवढं बोलायचा ना," भावजय म्हणाली, "त्याच्या निम्मं माझ्याशी बोलला असता… घरी आल्या आल्या याला, बस, शाब्बास, पाणी प्यायलास का. मी समोर उभी. मला कधी बस म्हणाल्याचं आठवत नाही."

"तुला शेपूट नाही," मी म्हटलं. ती हसली, पण डोळे पुसत हसली.

मग ती मला सांगायला लागली. मास्तरचं कंबरडं गेलंय, त्याला सकाळ-संध्याकाळ गोळी लागते, ती तो दुसऱ्या कोणाच्या हातून घेत नाही. त्याने आधी तोंड लावल्याशिवाय गडबड जेवत नाही. दोघं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून झोपतात. गेलं वर्षभर भाऊ तिकडे होता तेव्हा हेच दोघं आणि ती, एवढंच घर होतं. मी ऐकून घेतलं.

"मला का सांगतेस?" मी शेवटी म्हटलं. "मी गाडी चालवते. वाटणी तुम्ही दोघांनी केली."

"तुम्ही त्याला समजावलंत तर…"

"तो माझा भाऊ आहे. तिकडे तोही एकटाच आहे."

दोघांची बाजू मला दिसत होती आणि त्याचा मला मनापासून कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. शाळेच्या गाडीत फोन समोरच्या खोबणीत आणि आवाज मोठा, हा नियम मीच घालून दिलाय. "निघालात? मी रजा टाकलीये. दारातच पोतं अंथरलंय त्याला. गादी आणणार होतो, पण गादीवर त्याला झोप लागत नाही." मागे मास्तरचे कान उभे राहिले. शेपटी सीटवर धप् धप् आपटायला लागली. भावजय बाहेर बघत होती.

त्यानंतर तीच चालवायला बसली. मी म्हटलं नव्हतं, ती आपण होऊन बसली. चालवलीही चांगली, गिअर बदलताना खाली बघावं लागत नव्हतं. फाट्याची पाटी लांबून दिसली तेव्हा मी म्हटलं, "हा आपला. दिवा दे, वेग कमी कर."

तिने दिवा दिला. वेग कमी केला. आरशात बघितलं. सगळं मी शिकवल्यासारखं. वळणाचा दिवा टिक टिक करत होता, फाटा जवळ आला, समोर आला, आणि ती सरळ गेली.

आता इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. शिकणाऱ्याचं वळण चुकलं तर ब्रेक मारायचा नसतो. मागची गाडी येऊन आदळते. चुकलं तर चुकू द्यायचं, गाडी सरळ जाऊ द्यायची. वळण चुकणं ही चूक नाही, चुकलेल्या वळणावर थांबणं ही चूक, असं मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. त्यामुळे माझा पाय ब्रेकवर होता तरी मी तो दाबला नाही. नियमाप्रमाणेच वागले.

पण नियमाचा उरलेला भाग असा, की पुढची सुरक्षित जागा आली की गाडी वळवून परत आणायची. जागा आली. रुंद, मोकळी, समोर कोणी नाही. मी काही बोलले नाही. मग आणखी एक जागा आली, तीही गेली. वळणाचा दिवा अजून टिकटिकत होता. मी हात लांब करून तो बंद केला.

सुंठीवाचून खोकला गेला, असं मला क्षणभर वाटलं. मला कोणालाच समजवावं लागलं नव्हतं. मग भाऊ दारात उभा असेल हे आठवलं आणि तो आनंद तिथेच संपला. "पुढे थांबव," मी म्हटलं. "त्याला कळवायला हवं."

तिने रस्त्याकडेला, एका बंद टपरीपुढे गाडी थांबवली. नीट थांबवली. कुत्र्यांना पाय मोकळे करायला खाली घेतलं, मी फोन बॉनेटवर ठेवला आणि भावाला लावला.

"कुठे आलात? मी चौकापर्यंत येऊ का?"

"आम्ही फाटा मागे टाकला," मी म्हटलं.

"चुकला? काही हरकत नाही, पुढे एक…"

"चुकला नाही."

तो मग म्हणाला, "गाडी कोण चालवतंय, ताई?"

"ही."

"ही चालवते?"

"कालपासून."

"ठरलं होतं आपलं," तो म्हणाला, आणि ते मला नव्हतं.

भावजय बॉनेटजवळ आली. "हो, ठरलं होतं. मी मोडलं. तू दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या लिफ्टवर असणार आणि हा दारात पोत्यावर. याला गोळी कोण देणार? याला उठताना धरणार कोण?"

"मी धरीन. तू यायच्या आधी कोण धरत होतं?"

"तेव्हा तो तरुण होता."

"मीसुद्धा," भाऊ म्हणाला. आणि मग, माझ्या उभ्या आयुष्यात मी त्याच्याकडून ऐकलं नव्हतं असं म्हणाला, "इथे मला बोलायला कोणी नाही गं."

भावजय काहीच बोलली नाही. कोणी बोलत नाही असं दिसलं की माझ्यातली शिक्षिका जागी होते. मी म्हटलं, असं करा, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. मी आणून सोडत जाईन. किंवा गडबडलाही तिकडेच ठेवा. किंवा तू सुट्टीला ये. मी बराच वेळ बोलत होते. दोघांपैकी कोणीही ते मागितलेलं नव्हतं.

"बस, ताई," भाऊ म्हणाला. "बस झालं आता. राहू दे त्याला तिच्याकडे." आणि त्याने फोन ठेवला.

मास्तर इतका वेळ बॉनेटकडे मान वर करून उभा होता. तो खाली बसला.

आधी आमच्या ते ध्यानात आलं नाही. भावजय रडत होती, मी पाण्याची बाटली शोधत होते. निघायची वेळ झाली तेव्हा ती म्हणाली, "चल मास्तर." मास्तर बसून राहिला. तिने दार उघडून सीटवर थाप मारली. बिस्किट दाखवलं. त्याने बिस्किटाकडे बघितलं, लाळ गळली, पण जागचा हलला नाही. गडबडने त्याचा कान ओढून पाहिला. मी मागून हात घालून उचलायला गेले तर कमरेत कळ आली असावी, तो कण्हला, आणि मी हात काढून घेतला. बाजूने ट्रक जात होते, धूळ उडत होती, ऊन चढलं होतं, आणि हे पिवळं धूड खडीवर पाठ ताठ करून बसलेलं.

"हा नाही उठायचा," भावजय म्हणाली. तिचं रडणं थांबलं होतं. "आपण बस म्हटलं तर तो आपल्या मनाने बसतो, आपल्या मनाने उठतो. तुमच्या भावाने म्हटलं की मग त्यानेच उठवायचं. एकदा तो बस म्हणून कामावर निघून गेला, विसरला. हा संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून होता."

"मग उठवतो कसा?"

"म्हणतो, जाऊन ये."

मी तिच्याकडे बघत राहिले. तो शब्द आमच्या आईचा. आईला 'जा' चालायचं नाही. कोणी कोपऱ्यावर काडेपेटी आणायला निघालं तरी ती 'जाऊन ये' म्हणायची, आणि कोणी 'जातो' म्हणालं तर चप्पल काढून परत आत यायला लावायची, 'येतो' म्हण, मग जा. मास्तर पिल्लू होता तेव्हा आई होती. दारात त्याला बसवून, दार उघडून भाऊ ते म्हणत असणार आणि तो अंगणात धावत असणार. लग्नाआधीचं ते घर माझ्या डोळ्यांसमोर आलं. मला फार वाईट वाटलं.

मी म्हणून पाहिलं. "जाऊन ये." मास्तरने माझ्याकडे अदबीने बघितलं. भावजयीने म्हणून पाहिलं, दोनदा, तिसऱ्यांदा भावासारखा आवाज काढून. त्याने मान फिरवली.

मी परत फोन लावला.

"तो उठत नाहीये," मी म्हटलं.

"का?"

"तू बस म्हणालास."

"मी तुला म्हणालो, ताई."

"ते त्याला कोण सांगणार?"

तो हसला. खरंच हसला, नाकातून, लहानपणी हसायचा तसा. मग हसणं थांबलं. कुठला शब्द लागणार ते त्यालाही कळलं असणार.

"उठव त्याला," मी म्हटलं आणि फोन मास्तरसमोर खडीवर ठेवला.

"जा," फोनमधून आवाज आला.

मास्तरने मान वाकडी केली. कान पुढे आले.

"जा, मास्तर. जा रे." थोड्या वेळाने, "उठला का?"

"नाही."

"ऊठ. ऊठ ना. जा तिच्याबरोबर."

भावाला शब्द माहीत होता. आम्हालाही होता. भावजय गाडीला टेकून आपल्या बुटांकडे बघत उभी होती. म्हणून टाक, असं मी म्हणू शकले असते. शब्दाचा अर्थ मास्तरसाठी अंगण एवढाच होता. परत येण्याचा भाग फक्त म्हणणाऱ्याला कळत होता.

फोनमध्ये त्याने घसा खाकरला.

"जाऊन ये," तो म्हणाला.

मास्तर उठला. आधी पुढचे पाय, मग खूप वेळ घेऊन मागचे. कानापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, गाडीशी गेला, पुढचे दोन पाय सीटवर ठेवले आणि मागचे कोणी धरतंय याची वाट बघत थांबला. भावजयीने धरले. गडबड त्याच्या अंगावरून उडी मारून आत गेली.

"उठला?" भावाने विचारलं.

"उठला."

"चढला गाडीत?"

"चढला."

"मागचे पाय धरले ना तिने?"

"धरले."

"बरं," तो म्हणाला. फोन त्याने ठेवला नाही. मीही तो उचलून हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. भावजयीने दार लावलं, पलीकडून जाऊन स्टेअरिंगवर बसली आणि गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज त्याला ऐकू गेला असावा. त्यानंतर त्याने फोन ठेवला.